एकाआड एक शनिवार

आत्याने दार आधी विकत घेतलं आणि जमीन नंतर.

जुनी घरं पाडणाऱ्या एका ठेकेदाराच्या आवारात ते तिला दिसलं. जाड, काळपट लाकूड, आणि आतल्या बाजूला हातभर लांबीची लोखंडी कडी. कडी सरकवली की असा आवाज यायचा की बाहेरच्या माणसाने मुकाट्याने परत फिरावं. टेम्पोतून ते आमच्या घरी आलं आणि पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभं राहिलं. तेव्हापासून आम्ही सगळे आपल्याच घरात अंग तिरकं करून चालायला लागलो.

"घराला दार लावतात हे ऐकून होतो," बाबा म्हणाले. "दाराला घर शोधायचं हे पहिल्यांदाच बघतोय."

"शोधते ना. तोवर तुझ्याकडे एक दार जास्तीचं. चोर आला तर गोंधळेल बिचारा."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. म्हाताऱ्या, आजारी माणसांना त्यांच्या घरी राहून सांभाळायचं तिचं काम. लोक तिला सिस्टर म्हणत. ती नर्सिंग शिकलेली नव्हती, पण लोकांची चूक तिने कधी सुधारली नाही. ऐन विशीत एका आजीबाईंकडे दोन महिन्यांसाठी म्हणून गेली आणि मग एका घरातून दुसऱ्या घरात, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर अशी पन्नाशी उलटली. लग्नाचं कोणी मनावर घेतलं नाही, तिनेही आठवण करून दिली नाही. घडीची खाट पेशंटच्या खोलीत, दार अर्धं उघडं, एक कान जागा. आंघोळसुद्धा नळ बारीक ठेवून, बाहेरची हाक ऐकू यावी म्हणून. आमच्याकडे सुट्टीला आली तरी न्हाणीघराची कडी लावायचा हात तिला नव्हता. आत कोणी आहे हे कळावं म्हणून खाकरत राहायची.

"कडी लाव की गं," आई म्हणायची.

"राहतंच नाही लक्षात. लावली की घुसमटल्यासारखं होतं, आणि नाही लावली की वाटतं, आपल्याला एक कडीही नाही."

दार घेतलं ते बहुतेक या दुसऱ्या वाक्यासाठी.

त्या वेळी ती ज्यांच्याकडे होती त्यांना सगळे साहेब म्हणत. निवृत्त माणूस, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि आता सगळा हुद्दा न्हाणीघराच्या दारावर येऊन ठेपला होता. मी आत्याला डबा द्यायला गेले की हा संवाद हमखास कानावर पडायचा.

"सिस्टर, मी कडी लावतोय."

"नाही लावायची, साहेब."

"मी काय लहान आहे?"

"लहान असता तर उचलून बाहेर काढलं असतं. तुम्ही पडलात तर दार तोडायला चार माणसं लागतील, आणि तुम्हाला तेव्हा काय घातलंय याची चिंता पडेल."

मग आतून गुणगुणणं सुरू व्हायचं. साहेब बेसूर होते आणि चिडले की जास्तच मोठ्याने गुणगुणायचे. आत्या बाहेर टॉवेल धरून उभी. "राग आला की गातात," ती मला हळूच सांगायची. "आनंद झाला की ओरडतात."

साहेबांची मुलगी, ताई, एकाआड एका शनिवारी वडिलांजवळ थांबायला यायची. आत्याला सुट्टी मिळायची ती तेवढीच. त्या सुट्टीत आत्या पहाटेची बस धरून किनाऱ्यावरच्या त्या गावी जायची, दुपार व्हायच्या आत पोचायची आणि तिसऱ्या प्रहरीची बस धरून परत. बंदराजवळ बर्फाचा कारखाना, त्याच्या वरच्या मजल्यावर जमिनीच्या एजंटचं ऑफिस. एजंट गोड बोलणारा, हसतमुख, खिशात नेहमी बडीशेप. पहिल्याच भेटीत त्याने विचारलं होतं, "तुम्हाला कधी कधी जमेल?" आणि आत्याने सांगितलं होतं, "एकाआड एक शनिवार. साडेदहा-अकराला."

"उत्तम," तो म्हणाला होता. "अगदी उत्तम."

जागा गावाबाहेर होती. डांबरी रस्ता सोडला की उतार, मग एक सखल, करड्या चिखलाचा पट्टा, त्यातून जाणारी मातीची वाट, आणि पलीकडे पुन्हा चढ. त्या चढावर पाच-सहा घरं, थोडी झाडं, आणि कडेला आत्याचा तुकडा. चिखलात चिमुकले खेकडे होते. माणूस दिसला की एक मोठी नांगी वर करून पळायचे.

"बघ, सगळे हात वर करून शरण येतायत," आत्या मला म्हणाली. तिच्याबरोबर बाबा आणि मी गेलो होतो ती तिची तिसरी खेप. इतकी हलकी मी तिला कधी पाहिली नव्हती. तुकड्यावर पोचताच ती चपला काढून पावलांनी घर आखायला लागली. "इथे खाट. खाटेवरून खिडकी. खिडकीतून झाड. इथे चूल... नाही, इथे खुर्ची, चूल तिकडे. आणि हे दार." तिने हवेत हात सरकवला. कडी लावली.

एजंटला ती एकेक विचारत होती. वीज? आहे. साप? "असतात, पण लाजाळू." वारा? भरपूर. शेजार? "समोर ती बदकं दिसतात ना, त्यांची मालकीण. फार चांगली बाई."

"आणि पाणी कसंय?"

"विहिरीचं? गोड. पिऊन बघा."

तिने पोहरा ओढला, ओंजळीने प्यायली, मलाही पाजलं. पाणी खरोखरच गोड होतं.

बाबा डेपोत बसगाड्या दुरुस्त करायचे. लोखंड दिसलं की त्यांचा हात त्यावर गेलाच. परत येताना वाटेकडेच्या कुंपणाची तार त्यांनी बोटात धरली. "खालची तार गंजून कुजलीय आणि वरची धड आहे. असं का?"

"वरची नंतर टाकली असेल," एजंट म्हणाला. "खारी हवा आहे, साहेब. इथे सगळ्यालाच लागते."

बसमध्ये बाबा म्हणाले, "मला काही ही जागा पटत नाही."

"तुला मी तुझ्या हॉलमध्येच पटते."

"मग राहा की हॉलमध्ये. कोण नको म्हणतंय?"

"तुमच्या हॉलला दार कुठाय, दादा?"

बाबा खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना तारेबद्दल बोलायचं होतं आणि ते बोलणं हॉलवर येऊन अडकलं. पुढेही प्रत्येक वेळी तसंच झालं. त्यांनी जागेत खोट काढली की आत्याला वाटायचं, हा मला अडवतोय. आणि थोडंफार ते अडवतही होतेच.

व्यवहार झाला. कागद रीतसर होते. त्यात काही खोट नव्हती, अजूनही नाही.

मग एका बुधवारी, जेवण होऊन साहेब आडवे झाले आणि त्यांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांच्या तिसऱ्या वाक्यालाच आत्याने सगळं ओळखलं, फोन केला, गोळी जिभेखाली दिली, कपडे सैल केले. अँब्युलन्स लवकर आली. पण सोसायटीच्या फाटकात कोणाचा तरी सामानाचा ट्रक आडवा लागला होता आणि त्याचा ड्रायव्हर चहाला गेला होता. साहेब वाटेतच गेले.

"गाडी फाटकापाशी होती," आत्या आमच्याकडे येऊन बसली तेव्हा एवढंच म्हणाली. "दिसत होती मला खिडकीतून. फाटकापासून दारापर्यंतच यायची होती."

ताईने तिला जवळ घेतलं होतं, म्हणाली होती, "सिस्टर, घाई नाही. आठवडाभर राहा हवं तर." पण घडीची खाट तोवर कोणीतरी मिटून दाराआड उभी केली होती. आत्याने ट्रंक उचलली. आता तिला काम नव्हतं आणि अंगाखालची खाटही नव्हती. आमच्या हॉलमध्ये सतरंजी घातली गेली.

शुक्रवारी ती उठून बसली. "उद्या जाऊ या. गवंड्याला बोलावते, पाया आखून घेते. आता सगळे शनिवार माझेच आहेत."

तो मधला शनिवार होता. इतक्या महिन्यांत ती त्या शनिवारी कधी गेली नव्हती, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही आलं नाही. यायचं कारणच नव्हतं.

बस तीच. बर्फाचा कारखाना तोच. डांबरी रस्ता सोडून आम्ही उताराला लागलो, वळण घेतलं, आणि आत्या थांबली. मागून मी तिच्यावर आदळले.

वाट नव्हती.

उताराच्या पायथ्यापासून पलीकडच्या चढापर्यंत पाणी होतं. शांत, रुंद, उन्हात चकाकणारं, जणू कायमचं तिथलंच. कुंपणाच्या खांबांची फक्त डोकी वर होती आणि ती धड असलेली तार पाण्याला लागून थरथरत होती. पलीकडे आत्याचा तुकडा कोरडा, हिरवा, जिथल्या तिथे. खाटेची जागा, खुर्चीची जागा, सगळं दिसत होतं.

गवंडी दोरीचं बंडल एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाला, "उधाण आहे आज."

पलीकडून एक छोटी होडी येत होती. होडीत बदकांच्या अंड्यांची टोपली आणि वल्हं मारणारी एक काटक बाई. काठाला लागताच तिने आत्याला नीट न्याहाळलं.

"तुम्हीच ना त्या, ओहोटीच्या बाई?"

"कोण?"

"आम्ही आपसात तुम्हाला तेच म्हणतो. येता ते नेमक्या पाणी नसताना, आणि जाता तेही. म्हटलं, बाई मोठी हिशोबी दिसते."

आत्या खाली बसली. "हे... रोज असं?"

"रोज कुठलं. चंद्र अर्धा असला की पाणी वाटेला शिवत नाही. भरला किंवा पुरता गेला, की त्या चार-पाच दिवसांत चढतं. एकदा भर दुपारी, एकदा रात्री. तीन-चार तास, मग उतरतं."

"म्हणजे एकाआड एका आठवड्याला."

"तसंच काहीसं." बदकवालीने टोपली डोक्यावर घेतली. मग तिला उमगलं असावं. तिचा आवाज उतरला. "कोणी सांगितलं नाही होय तुम्हाला? आम्हाला वाटलं, माहीत असणार. इतक्या वेळा आलात."

बाबा खांबांकडे बघत होते. मी म्हटलंच होतं, हे शब्द त्यांच्या ओठांवर आलेले मला स्पष्ट दिसले. त्यांनी ते गिळले आणि आत्याच्या शेजारी उकिडवे बसले. ते जास्त वाईट होतं.

"दादा," आत्या म्हणाली, "मी साप विचारले रे. वारा विचारला. आत राहायचं कसं ते सगळं विचारलं. तिथून बाहेर पडायचं कसं हे मनातच आलं नाही. मी कधी कुठल्या घरातून बाहेर पडलेय?"

ऑफिसात एजंटने आम्हाला बसवलं, पंखा वाढवला, बडीशेप पुढे केली. आत्याने हात लावला नाही.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही पाण्याचं विचारलंत, मी खरं तेच सांगितलं."

"विहिरीचं."

"तुम्ही विहिरीशेजारी उभ्या होतात, सिस्टर. वार तुम्ही सांगितलात, वेळ तुम्ही सांगितलीत. मी कधी म्हटलं का, अमुक शनिवारी येऊ नका?"

"यायची गरजच नव्हती म्हणायची," बाबा म्हणाले. "आपोआपच जमलं ना तुमचं."

एजंटने हे ऐकलं नाही असं दाखवलं. पुढे झुकून, आवाज मऊ करून तो आत्याशी बोलला. "एक सुचवू? मी विकून देतो. चांगलं गिऱ्हाईक आहे, शहरातलं कुटुंब. पुढच्याच शनिवारी येतायत. तुम्ही मालकीण म्हणून नुसत्या उभ्या राहा. बोलायचं मी बघतो."

पुढचा शनिवार म्हणजे कोरडा शनिवार. खोलीत सगळ्यांना ते कळलं. आत्या पंख्याकडे बघत राहिली.

"येते," ती म्हणाली.

घरी कोणी त्यावर चर्चा केली नाही. आई म्हणाली, "तिचं गेलेलं तिला परत मिळतंय," आणि पोळपाट धुवायला घेतला. आत्याने आठवडाभर सतरंजीवर कूस बदलली असावी, कारण सकाळी सतरंजी चुरगळलेली असायची, आणि हे तिच्या शिस्तीत बसणारं नव्हतं.

शनिवारी वाट होती, खेकडे होते, चिखलाला भेगा होत्या. गिऱ्हाईक म्हणजे एक जोडपं आणि बाईचे वडील. म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, तुकड्यावर पोचले, आणि एका झाडाखाली थांबून म्हणाले, "माझी खुर्ची इथे."

आत्या त्यांच्याकडे तिच्या धंद्याच्या नजरेने बघत होती. घोट्यांवर सूज. बोलताना मध्येच घेतलेला श्वास. चढ चढून आल्यावर छातीवर नकळत गेलेला हात.

"दवाखाना किती लांब आहे हो?" त्यांनी विचारलं.

"गाडीने दहा मिनिटं," एजंट म्हणाला. "सरळ रस्ता."

"छान."

आत्याने पदर खोचला. काम सुरू करण्याआधी खोचते तसा. "आजोबा, कोरड्या दिवशी दहा मिनिटं. पुढच्या शनिवारी या. याच वेळेला. तेव्हा गाडी त्या रस्त्यावर उभी असेल, तुम्हाला इथून दिसेल. पण इथवर येणार नाही."

एजंट हसला. "सिस्टर जरा थकल्यायत. परवाच त्यांच्याकडे..."

"मधे पाणी भरतं," आत्या म्हणाली. "उधाणाला. तीन-चार तास. मी फसले, म्हणजे मला दिसलं नाही. तुम्ही बघून घ्या आणि मग हवं तर घ्या."

ते पुढच्या शनिवारी आले नाहीत. त्या दिवशी गाडीत बसतानाच मुलीने वडिलांचा हात घट्ट धरला होता. एजंट आमच्याबरोबर उतारापर्यंत चालत आला. तिथे म्हणाला, "मी तुमचं भलं बघत होतो. आता तुमचं तुम्ही बघा," आणि पुड्यातली बडीशेप चिखलात ओतून गेला.

आत्याने नवं काम धरलं, एका लकवा झालेल्या बाईंकडे. पुन्हा खाट, पुन्हा अर्धं दार. सुट्टीचं विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "एकाआड एक शनिवार. पण पहिला नको. दुसऱ्यापासून मोजा."

आता ती पाण्याचे शनिवार घ्यायला लागली. काठावर बसून राहायची. पाणी कुठल्या खांबाला कधी लागतं, कधी सोडतं, ते बघायची. बदकवालीने तिला सांगितलं, की पलीकडची सगळी घरं उधाणातच बांधलीत. वीट, वाळू, पत्रे, जड सामान होडीनेच येतं, भरलेली गाडी चिखलात रुतते. मग एका खोलीचं घर तसंच उभं राहिलं, शनिवारा-शनिवाराने. बाबा एकदाही पलीकडे गेले नाहीत. काठावर उभं राहून विटा मोजायचे आणि म्हणायचे, "वेडेपणा आहे हा. विकलं जात नाही म्हणून राहायचं?"

"मग काय करू? बघत बसू?"

"रात्री काही झालं तर?"

"तर पाणी उतरायची वाट बघेन."

"आणि तेवढा वेळ नसला तर?"

फाटकात अडकलेली गाडी तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि ते आम्हा सर्वांना माहीत होतं. काम सुटलं की इथेच येणार, असं ती म्हणायची. कधी, ते म्हणायची नाही.

शेवटी दार निघालं. पॅसेज इतका मोठा दिसायला लागला की आई दोनदा तिथे उगाच थांबली. टेम्पोतून उतारापर्यंत, तिथून होडीत. पाणी काठोकाठ होतं. बाबा, गवंडी आणि मी, तिघांनी ते होडीवर आडवं ठेवलं, तेव्हा मला दिसलं, की कडी चकचकीत आहे. जुना गंज घासून काढलेला, खोबणीत ताजं तेल. डेपोतलं. बाबांनी हे कधी केलं, कोणाला सांगितलं नाही.

आत्या दारावरच बसली, पाय पोटाशी घेऊन. तिने कडी एकदा सरकवून पाहिली. आवाज न होता सरकली.

"एक ऐकशील?" बाबा म्हणाले. ते घोटाभर पाण्यात उभे होते, होडीच्या काठाला हात लावून.

"काय?"

"ही लावू नकोस. म्हणजे इतर वेळी लाव. पण उधाणाच्या दिवसांत नको. आम्हाला येता नाही आलं तरी या बाईंना तरी आत येता यायला हवं."

बदकवालीने नजर वल्ह्याकडे वळवली. आत्या भावाकडे बघत राहिली. रोज सकाळी टॉवेल धरून कोणाला तरी हेच सांगत आलेली बाई, तिला उत्तर सुचायला हरकत नव्हती. पण तिने फक्त कडीवरचा हात काढून मांडीत ठेवला.

बाबांनी होडी ढकलली.

ती पाण्याच्या मध्यावर पोचली तेव्हा तिथून आवाज आला. आत्या गुणगुणत होती. सूर कुठच्या कुठे जात होता, आणि आवाज हळूहळू वाढत होता.

"चला," बाबा चपला शोधत म्हणाले. "गातेय. म्हणजे ऐकलं म्हणायचं."

साहेब कधी गायचे, ते मी त्यांना सांगितलं नाही. पलीकडे दार उतरवेपर्यंत तो आवाज येत राहिला.